शेठ, गल्ल्यावर बसलोय

प्रिय शेठ,

तुझं दिवाळीचं पाकीट मिळालं त्याला किती महिने झाले ते मोजत बसू नकोस. लिहायला बसलो की काहीतरी आडवं यायचं, आणि मग इतका उशीर झाला की लाजेनंच टाळत गेलो. तब्येती ठीक. माझी साखर गोळ्यांवर आहे, हिचा गुडघा होता तिथेच आहे. झालं.

आज लिहितोय कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "एवढं काय त्यात?" नानाला फोन केला तर तो लगेच सहकार चळवळीवर सुरू झाला, अर्धा तास मला बोलूच दिलं नाही. तुझं लहानपण पोत्यांवर बसून गेलंय, म्हणून तुला.

इथे ब्रिटनमधल्या आमच्या गावातलं दुकान चालवणाऱ्या भाईंनी ते बंद केलं हे मागे कळवलं होतं. त्यानंतरची गंमत ऐक. चालू दुकान म्हणून दोन वर्षं ते विकायला काढलं होतं, कुणी फिरकलं नाही. शेवटी इमारत राहण्यासाठी विकली गेली. गाडीनं वीस मिनिटांवर सुपरमार्केट आहे, शिवाय त्यांच्या गाड्या घरपोच माल टाकतात. भाईंकडे लोक जायचे ते टपालाची तिकिटं घ्यायला आणि विसरलेलं दूध आणायला. शटर पडल्यावर मात्र गाव जागं झालं. गावच्या हॉलमध्ये सभा झाली, बसायला जागा नव्हती. गावात दुकान हवंच, असं सगळे एका सुरात. भाई मागच्या रांगेत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि शपथेवर सांगतो, सभेत काय ठरलं यापेक्षा त्यांचे गुडघ्यांवर ठेवलेले हात मला जास्त आठवतात.

मग सगळं रीतसर झालं. इथे २०१४ चा सहकारी संस्थांचा कायदा आहे, त्याखाली गावाच्या हिताची संस्था नोंदवता येते. भाग, म्हणजे शेअर, पंचवीस पौंडांचा घ्या की पाच हजारांचा, मत एकच. भाग दुसऱ्याला विकता येत नाही, फार तर संस्थेकडून पैसे परत मागायचे. प्लंकेट म्हणून १९१९ पासूनची एक संस्था आहे, आयर्लंडात दूध उत्पादकांच्या सहकारी डेअऱ्या उभ्या करणाऱ्या होरेस प्लंकेटची. ती नमुना नियमावलीपासून सगळं हातात देते. अशी गावकीची दुकानं या देशात तीनशेच्या पुढे आहेत, बहुतेकांत एक पगारी व्यवस्थापक आणि बाकी सगळे हौशी. आमचं हॉलशेजारच्या पत्र्याच्या केबिनमध्ये आहे. भागांचे पैसे भराभर जमले. एकेकानं पाचपाचशे पौंड लिहून दिले. त्यातल्या किती जणांनी भाईंकडे आठवड्याला दहा पौंडांचा माल घेतला असेल, हे मी तिथे विचारलं नाही.

आणि हो. तुझ्या अण्णांचं दुकान तू मोडलंस तेव्हा मी इथून आठ पानी पत्र पाठवलं होतं, आणि तू उलट टपाली एका ओळीत उत्तर दिलं होतंस, "मास्तर, एवढं वाटतं तर येऊन बस गल्ल्यावर." बसलोय. मंगळवारी सकाळी आणि शनिवारी दुपारी. आता ते वाक्य मागे घे.

आमची फौज तू बघायला हवीस. एक निवृत्त नौदल अधिकारी रोज रात्री गल्ला मोजतात आणि सात पेन्स जास्त भरले तर झोपत नाहीत. एक आजीबाई प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरच्यांची चौकशी केल्याशिवाय सुटे देत नाहीत, रांग दाराबाहेर जाते. दारू विकताना समोरचा पंचविशीच्या आतला वाटला तर वयाचा पुरावा मागायचा असा आमचा नियम आहे. आजीबाईंनी परवा चाळिशीच्या बाईंकडे तो मागितला. बाई तेव्हापासून रोज येतात. दारूवरून आठवलं. कायद्याप्रमाणे दुकानात परवानाधारक जबाबदार माणूस लागतो, त्याची परीक्षा असते. परीक्षा म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माळकरी घरातला मी, थेंबाला न शिवलेला, आणि गावची दारू माझ्या परवान्यावर विकली जाते. आमच्या दादाला सांगू नकोस.

उधारी बंद आहे. इंग्लंडातल्या रॉचडेलच्या टोड लेनमध्ये २१ डिसेंबर १८४४ ला २८ जणांनी पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढ्या मालावर सहकारी दुकान उघडलं, तेव्हाही रोखीचाच नियम होता, कारण उधारीत माणूस दुकानदाराला बांधला जातो. हे मी तुला कॉलेजात सांगितलं होतं आणि तू म्हणाला होतास की उधारीत दुकानदारच गावाला बांधला जातो, अण्णांची वही बघ. तेव्हा दोन दिवस अबोला होता आपला. मी अजून रॉचडेलच्याच बाजूनं आहे.

आता मुद्द्याचं. खजिनदारानं सहामाही हिशोब मांडला, थोडी शिल्लक होती, टाळ्या पडल्या. मी घरी येऊन मागच्या कागदावर आकडे केले. दुकान आठवड्याला साठ तास उघडं, दोघंदोघं उभे, म्हणजे एकशेवीस तास. इथे २०२५ च्या एप्रिलपासून वर्षभर किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं, तोच दर धरला. आठवड्याला १,४६५ पौंड, वर्षाला शहात्तर हजार. हे आम्ही कुणी घेत नाही म्हणून शिल्लक. पण शेठ, भाई आणि भाभीसुद्धा तेवढेच तास उभे असायचे, त्यांनीही ते कधी मांडले नाहीत. फरक एवढाच की त्यांच्या फुकट तासांना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गेल्या शनिवारी भाई आले. उघडल्यापासून पहिल्यांदाच. मी गल्ल्यावर. डबल रोटी घेतली, पैसे दिले, आणि जाता जाता डब्यांच्या फळीपाशी थांबले. हात आपोआप चालू झाले. मागचे डबे पुढे, पुढचे मागे, तारखा बघत, लेबलं समोर करत. अख्खी फळी लावली. आजीबाई म्हणाल्या, "अय्या, किती छान! तुम्ही पण नाव द्या ना!" भाई हसले. मला हिंदीत म्हणाले, "नया माल पीछे, पुराना आगे. बस इतना ही है." आणि गेले.

आता समिती पगारी व्यवस्थापक ठेवणार आहे, आठवड्याला वीस तास. जाहिरातीचा मसुदा माझ्याकडे आलाय. या गावात ते काम येणारा माणूस एकच आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मी बोलू का? बोललो तर काय होईल, ते डोक्यातून जात नाही. घाऊकवाल्याकडे किमान ऑर्डर किती, ब्रेड किती उरतो, कुठलं मासिक कोण घेतं, हे भाईंना झोपेत विचारलं तरी सांगतील. पैशाची गरजही असेल, मुलगा कितीही फार्मसिस्ट असला तरी. पण जिथे स्वतःचं नाव पाटीवर होतं त्या गावात नौदलवाल्याला सात पेन्सांचा हिशोब द्यायचा? न विचारता जाहिरात द्यावी तर दुसरा कुणीतरी येणार, आणि त्याला काम शिकवायला आम्ही भाईंनाच बोलावणार. फुकट. लिहून ठेव.

आता अण्णांचं. सोसायटीचं दुकान निघालं तेव्हा चेअरमन स्वतः घरी आले होते, तोलायला या म्हणून. आमच्याकडे एवढंच कळलं की अण्णा नाही म्हणाले. पण तू त्या रात्री घरात होतास. विचारलं म्हणून राग आला होता का, की उशिरा विचारलं म्हणून? की मुळात ते हो म्हणणार होते आणि काकूंनी अडवलं? नानाचं म्हणणं तेच आहे, पण नानाचं काय ऐकायचं.

बाकी तुझं कसं? वहिनींचं पेन्शन सुरू झालं का? चिरंजीवांनी बंगळूरची नोकरी सोडली असं उडत उडत कळलं, खरं असलं तर बरंच केलं, खोटं असलं तरी बरंच आहे. डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

समितीची बैठक पुढच्या गुरुवारी आहे. त्याआधी कळव. व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठव. बोललेलं रेकॉर्ड करून पाठवू नकोस, तुझं निम्मं खाकरण्यातच जातं.

तुझा,
मास्तर