अर्ध्या मिलिमीटरची रेघ

मा. संपादक,

कालच्या करिअर पुरवणीतला भूवापर आणि पर्यावरण नियोजनावरचा लेख वाचला. सहा महिन्यांत जीआयएस (संगणकावर नकाशे बनवण्याचं तंत्र) शिका आणि नियोजनकार व्हा म्हणे. कात्री विकत घेतली की शिंपी होता येतं, असंही पुढच्या अंकात छापून टाका.

उपग्रहचित्रातून कळतं ते भूआच्छादन, म्हणजे जमिनीवर काय पसरलंय ते; ती जमीन कशासाठी वापरली जाते तो भूवापर नव्हे. हिरवा तुकडा म्हणजे शेत, खेळाचं मैदान की स्मशानभूमी, हे चित्र सांगत नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची फुकट मिळणारी चित्रं घेतलीत तर सगळ्यात बारीक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा. ३ मीटर रुंदीचा ओढा त्यात काठच्या झाडीत विरघळून जातो. खुर्चीतला तज्ज्ञ ती मोकळी जागा समजून निवासी विभागाचा रंग भरतो आणि पहिल्या मोठ्या पावसात ओढा आपली जागा परत मागायला येतो. दोष सॉफ्टवेअरचा नाही. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात पायी फिरून पाहायचं राहिलं, एवढंच.

मग रेघेची गोष्ट. १:२५,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर साडेबारा मीटरचा पट्टा. तिथली पूररेषा उचलून १:१,००० च्या नकाशावर बसवली की कुणाचं घर आत आणि कुणाचं बाहेर, हे पेनाच्या जाडीवर ठरतं. झूम केल्याने अचूकता वाढत नाही. आराखड्यावरच्या हरकतींच्या सुनावणीत हरकतदार नेमकं यावरच बोट ठेवतो. त्याला जागेवर मोजलेल्या पातळ्या दाखवणं, त्याचं खरं असेल तर रेघ हलवावी असं कारणांसह लेखी देणं, ही ती नोकरी! तुमच्या लेखात ‘सुनावणी’ हा शब्दसुद्धा नाही.

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन तर ‘अहवाल लेखन’ म्हणून एका ओळीत उरकलंय. एकाच ऋतूतल्या नोंदींवर पाणथळ जागेचा निकाल लावला तर हिवाळ्यात उतरणारे पक्षी कागदावर येतच नाहीत. वनस्पतिशास्त्र किंवा भूगोल शिकलेल्या मुलांनाही इथे वाव आहे, हे तरी लिहायचं होतं. नगरनियोजनाचे आद्य प्रवर्तक पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञच होते.

आणि जाता जाता, लेखासोबतच्या नकाशाखाली १:५०,००० छापलंय. दोन कॉलमांत बसवायला नकाशा आक्रसला, आकडा मात्र जागचा हलला नाही. रेषाप्रमाणाची पट्टी दिली असती तर तीही सोबत आक्रसली असती आणि खरी राहिली असती. उत्तर दिशेचा बाण तर कुठेच नाही.

आपला,
एक नियमित वाचक