मसाजचा कोर्स लावण्याआधी हे विचारा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘सात दिवसांत मसाज थेरपिस्ट व्हा’ अशा छापाच्या जाहिराती सोलापुरात अलीकडे बऱ्याच दिसतात. ब्युटी पार्लरचे काम येणाऱ्या मुली, बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बायका, तालमीत पैलवानांचे अंग रगडून तयार झालेली पोरे, असे सगळेच तिकडे वळतात. काम चांगले आहे आणि मागणीही आहे. पण सात दिवसांत हात कसा फिरवायचा एवढेच शिकवून होते. तो कोणाच्या अंगावर, कुठे आणि कधी फिरवायचा नाही, हे शिकायला महिने लागतात. फी खरे तर त्यासाठीच मोजायची असते.

आधी कागदाचे. आपल्याकडे मसाज थेरपिस्टसाठी डॉक्टर किंवा नर्ससारखी परिषदेची नोंदणी नाही, म्हणून कोणीही कसलेही रंगीत प्रमाणपत्र छापून देऊ शकतो. सरकारी कौशल्य चौकटीत (एनएसक्यूएफ) मात्र ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे ‘असिस्टंट स्पा थेरपिस्ट’ आणि ‘स्पा थेरपिस्ट’ असे कोर्स आहेत. क्लासकडे कोर्सचा पात्रता क्रमांक व एनएसक्यूएफ स्तर मागावा, आणि नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरच्या संकेतस्थळावर तो क्रमांक आहे का, त्याची मुदत संपली तर नाही ना, ते पाहावे. ज्यांचा हात वर्षानुवर्षे बसलेला आहे त्यांच्यासाठी आरपीएल, म्हणजे आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. मालीशवाल्या बायकांना हे कोणी सांगत नाही. आणि यातले कुठलेही प्रमाणपत्र घेऊन फिजिओथेरपिस्टची पाटी लावता येत नाही. ती चार वर्षांहून अधिक काळाची वेगळी पदवी आहे.

तासांचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देतो: अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात मसाजच्या परवान्यासाठी १००० तासांचे शिक्षण लागते. आपल्याकडे कोणी तेवढे मागणार नाही, पण सात दिवस आणि हजार तास यांच्यात केवढे अंतर आहे ते कळावे. माझ्या मते दोनशे तासांच्या खाली काहीच हाती लागत नाही, आणि त्यातले निम्म्याहून अधिक तास शिक्षक शेजारी उभे असताना प्रत्यक्ष हात चालवण्याचे असावेत. व्हिडिओ पाहून दाबाचा अंदाज येत नाही. शिक्षकाने स्वतः टेबलावर झोपून विद्यार्थ्याकडून मसाज करून घेतला, तरच ‘इथे जास्त झाले, इथे घाई झाली’ असे त्याला सांगता येते.

हातांच्या मूळ पद्धती पाच आहेत. एफ्लुराज म्हणजे तळहाताने लांब सरकता हात, पेट्रिसाज म्हणजे मळणे-पिळणे, मग फ्रिक्शन म्हणजे एकाच जागी खोल घर्षण, टॅपोटमेंट म्हणजे थापट्या, आणि व्हायब्रेशन म्हणजे कंप. स्वीडिश मसाज म्हणून जगभर हेच शिकवले जाते. श्रेय बहुधा स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंगला दिले जाते, पण ही फ्रेंच नावे रूढ केली ती योहान गेऑर्ग मेट्सगर या डच डॉक्टरने. होलिस्टिक मसाजमध्ये हात हेच असतात. फरक असा की माणसाची झोप, काम, बसण्याची पद्धत, आधीची दुखणी विचारून त्याप्रमाणे दाब, वेग आणि वेळ ठरवायची. एका तासाची साधारण वाटणी सांगायची तर पाठीला वीस मिनिटे, पायांच्या मागच्या बाजूला प्रत्येकी सात, पुढच्या बाजूला प्रत्येकी पाच, हातांना प्रत्येकी चार, आणि उरलेली आठ मान-डोक्याला. नवशिक्या पाठीवरच चाळीस मिनिटे घालवतो आणि शेवटी पाय उरकतो.

हातापायांवर जोर नेहमी हृदयाच्या दिशेने द्यायचा, परतताना हात हलका सोडायचा. कण्यावर थेट दाब नाही. गुडघ्यामागची खळगी, जांघ, काख, कोपराची आतली बाजू आणि गळ्याचा पुढचा भाग इथे रक्तवाहिन्या व नसा वरवर असतात, तिथे खोल दाब अजिबात नाही. शेवटच्या बरगड्यांखाली मूत्रपिंडे असतात, तिथे थापट्या नाहीत. आणि मान कडकन मोडणे हा मसाजचा भागच नाही. झटक्याने मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटू शकते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. सलूनमध्ये दाढीनंतर फुकटात मान मोडून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

क्लास खरा की खोटा, ते कळते पूर्वतपासणीच्या तक्त्यावरून. टेबलावर घेण्याआधी दहा मिनिटे बोलायचे आणि लिहून ठेवायचे. सोलापुरात हा तक्ता मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही हवा, नाहीतर पूर्व भागातली मावशी नुसती मान डोलावते आणि आपण ‘काही आजार नाही’ असे लिहितो. ‘तुम्हाला काही आजार आहे का?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच येते, कारण बीपी आणि शुगरला लोक आजारात धरत नाहीत. त्याऐवजी ‘रोज कोणत्या गोळ्या घेता?’ असे विचारावे. त्यातून रक्त पातळ ठेवण्याची गोळी निघाली तर खोल दाब बंद, कारण साध्या दाबानेही काळेनिळे डाग पडतात. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर तेल गरम लागते की नाही हे त्या माणसाला कळणारच नाही. तेलाची उष्णता थेरपिस्टने स्वतःच्या मनगटावर पाहायची.

सगळ्यात जपायचे ते एका पोटरीला. एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर आणि दुखरी असेल तर शिरेत गुठळी असण्याची शक्यता असते. ती चोळली आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जीव जाऊ शकतो. अशा माणसाला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचे. मोठे ऑपरेशन, पायाचे प्लास्टर, लांबचा प्रवास यांनंतर हा धोका वाढतो. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही वाढलेला असतो, सिझेरियन झाले असेल तर अधिकच. आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत बाळंतिणीचे पाय जोर लावून रगडतात. हलका हात चालतो, पण आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय नाही. सिझेरियनची जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी होकार देईपर्यंत पोटाला हात लावायचा नाही. ताप, पसरणारा त्वचारोग, ताजे फ्रॅक्चर असताना मसाज नाही. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही. गरोदर बाईला साधारण विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर सपाट झोपवत नाहीत. कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी देऊन काम करतात.

या शहरातल्या गिऱ्हाइकांची दुखणीही ओळखीची आहेत, आणि सराव त्यांच्यावरच व्हायला हवा. पॉवरलूमवर उभ्याने पाळी करणाऱ्याची कंबर धरते आणि पायाच्या शिरा फुगतात. फुगलेल्या शिरांवर दाब द्यायचा नाही, त्यांच्यापेक्षा वर, हृदयाकडच्या बाजूला हलके काम करायचे. विड्या वळणाऱ्या बाईचे सूप मांडीवर, मान तासन्‌तास खाली, अंगठा आणि तर्जनी सतत चालू. तिच्या खांद्यावर थापट्या मारून फारसे साधत नाही. कवटीच्या खालची कड, खांद्याच्या फऱ्याचा वरचा कोपरा, कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू आणि अंगठ्याचा मांसल भाग इथे सावकाश काम लागते. ते झाल्यावर ‘विषारी द्रव्ये बाहेर पडली’ असे सांगू नये. मसाजने तसे होते याला चांगला पुरावा नाही. व्यायामानंतरचे लॅक्टिक आम्लही शरीर तासाभरात स्वतःच निकाली काढते. आराम वाटतो, आखडलेपण कमी होते, झोप लागते. एवढे प्रामाणिकपणे सांगितले तरी गिऱ्हाईक परत येते.

आता शिकणाऱ्याच्या शरीराविषयी, कारण या धंद्यातून माणसे बाहेर पडतात ती बहुधा अंगठा गेल्यामुळे. सगळा जोर अंगठ्याच्या टोकावर टाकला की त्याचा बुंध्याजवळचा सांधा काही वर्षांत दुखू लागतो. दाब कोपरापुढच्या हाताने, मुठीने किंवा एका हातावर दुसरा हात ठेवून द्यावा. मनगट काटकोनात मोडून तळहाताने रेटू नये. जोर पायांतून यायला हवा: एक पाय पुढे, एक मागे, आणि अंगाचे वजन पुढे झुकवायचे. टेबलाशेजारी सरळ उभे राहून हात खाली सोडला की मूठ टेबलाला टेकावी, तीच बरोबर उंची. लाकडी पलंगावर किंवा जमिनीवर गादी टाकून शिकवणारा क्लास असेल तर विद्यार्थ्याची कंबर आधी जाते. पालथे झोपलेल्याच्या घोट्याखाली आणि उताण्याच्या गुडघ्याखाली लोड हवा. दिवसाला चार-पाचांपेक्षा जास्त पूर्ण मसाज करणे म्हणजे स्वतःच गिऱ्हाईक होण्याची तयारी.

तेल एका पूर्ण मसाजला २० ते ३० मिलि पुरते. अभ्यंगाला याच्या कितीतरी पट लागते, पण तो वैद्याच्या देखरेखीखालचा वेगळा प्रकार. करडईचे तेल आपल्या भागात ताजे मिळते, हलके असते, वासही मंद. पण ते हवेने आणि उष्णतेने लवकर खवट होते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत पाच लिटरचा डबा उघडा ठेवला की गेलेच समजा. गडद रंगाच्या लहान बाटल्यांत, थंड जागी, लागेल तेवढेच काढावे. सुगंधी अर्क कधीच नुसता लावायचा नाही: १ टक्का प्रमाणासाठी ३० मिलि तेलात सुमारे सहा थेंब. निलगिरी किंवा कापूर तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ नको. नवे तेल आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावे. तीळ, बदाम, शेंगदाणा यांची ॲलर्जी असणारे असतातच.

टॉवेलांच्या बाबतीत आपण सोलापूरकर भाग्यवान, पण ते वापरायचे कसे हे क्लासमध्ये क्वचितच शिकवतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक चादर, दोन मोठे टॉवेल आणि दोन नॅपकिन स्वच्छ हवेत. एका वेळी ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळे झाकलेले, आणि टॉवेलाची कड अंगाखाली खोचलेली. कूस बदलताना टॉवेल उचलून आडोसा धरायचा आणि आपण दुसरीकडे पाहायचे. कुठे हात लावणार ते आधी सांगायचे, नको म्हटले तर थांबायचे. ही सवय पहिल्या दिवसापासून लावली नाही तर पुढे लागत नाही, आणि या व्यवसायाचे नाव खराब होते ते इथेच.

धुताना थंड पाणी आणि साधी पावडर वापरली तर तेल धाग्यात राहते, टॉवेल पिवळा पडतो, वास मारतो. कडक गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवावेत. तेलकट टॉवेलांचा ढीग बंद पोत्यात ठेवू नये, आणि लाँड्रीच्या ड्रायरमधून गरमागरम निघालेले घडी करून कपाटात रचू नयेत. धाग्यातले तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडते. ढिगात ती कोंडली की टॉवेल आपोआप पेटू शकतात. करडईसारख्या तेलांना हा धोका जास्त. पूर्ण गार झाल्यावरच घड्या कराव्यात.

शेवटी आपल्याला एक विनंती. अशा क्लासच्या जाहिराती घेताना पात्रता क्रमांक, एकूण तास आणि त्यांपैकी प्रात्यक्षिकाचे तास, या तीन गोष्टी जाहिरातीतच छापण्याची अट आपण घालावी. फी भरणाऱ्यानेही पावती घेण्याआधी एक प्रात्यक्षिक बसून पाहू द्या म्हणावे. नाही म्हणणाऱ्याकडे प्रवेश घेऊ नये.

आपला,
एक प्रशिक्षक, जुळे सोलापूर