भीमाशंकरच्या वाटेवर माझे चाक डोक्यावर वाहून नेणाऱ्या मावशींस

सोलापूर,
आषाढ शुद्ध पंचमी

आदरणीय मावशींस सादर नमस्कार,

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसे त्याने फोनवर कबूल केले आहे. तरीही ते उघडपणे लिहावे असे मला वाटले. सोलापुरात आणि पुण्याकडे डोंगरी सायकल चालवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यांच्यापैकी अनेकजण माझ्यासारखेच जुन्या यात्रावाटा शोधत हिंडतात. कोणती वाट किती लांब, चढ किती, उतार किती, हे सगळे ते नोंदवून ठेवतात, पण ती वाट आजवर कोणी राखली हे त्या नोंदींत कधीच नसते. तुमचे नाव मात्र मी लिहीत नाही. निघताना मी ते वहीत टिपून घेऊ लागले, तेव्हा ‘नाव कशाला, मावशी म्हण की’ असे तुम्ही म्हणाला होतात, आणि मी ते मानते.

मी डोंगराच्या पायथ्याच्या तुमच्या भोरगिरी गावाला का आले होते, हे त्या संध्याकाळी दुखऱ्या हातामुळे मला तुम्हाला नीट सांगता आले नाही. आम्ही सोलापूरकर भीमेचे पाणी पितो. उजनीच्या धरणातून नळाने येते तेही भीमेचे, आणि नदीच्या पात्रातून टाकळीच्या बंधाऱ्यावर उचलतात तेही भीमेचेच. आमच्या घरी चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे ते भरताना, साठवताना आणि पुरवताना ज्या नदीचा विचार रोज मनात असतो, तिचा उगम वयाच्या ४३ व्या वर्षापर्यंत मी पाहिला नव्हता. म्हणून यंदा जानेवारीत, सिद्धेश्वराची यात्रा आटोपल्यावर, मी आणि माझे दोन सोबती सायकली टेम्पोत घालून निघालो. राजगुरुनगरपासून सायकलवर बसलो, चासकमानच्या जलाशयाला डावे-उजवे ठेवत वाडा गावावरून भोरगिरीला आलो, आणि कोटेश्वराच्या देवळाशी मुक्काम करून सकाळी तुमच्या वाटेला लागलो. अभयारण्यातून सायकली नेणार असल्याचे आम्ही आधी विचारून आणि नोंदवून घेतले होते.

भीमाशंकरला आता डांबरी रस्त्याने थेट पायऱ्यांपर्यंत जाता येते. पण गाडीरस्ता होण्यापूर्वी खेडकडच्या, म्हणजे राजगुरुनगरकडच्या माणसांची पायवाट हीच होती, आणि श्रावणात व महाशिवरात्रीला आजही ती माणसांनी भरते, हे मला तुमच्याकडून कळले. सात-आठ किलोमीटरची ही वाट आधी नदीच्या काठाने, मोकळ्या माळावरून आणि भातखाचरांच्या कडेने जाते, आणि मग एकाएकी जंगलात शिरते. सोलापूरच्या माणसाला त्या क्षणी काय वाटते, हे सांगायला हवे. आमच्याकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर आम्ही समाधान मानतो, तुमच्या डोंगरावर तीन हजारांच्या आसपास पडतो. आमच्या माळावर बाभूळ आणि कडुनिंब यांची सावली मोजून घ्यावी लागते. तुमच्याकडे जांभूळ, अंजनी, ऐन आणि हिरडा यांच्या फांद्या डोक्यावर अशा गुंतलेल्या असतात, की भर दुपारी वाटेवर उन्हाचे नुसते ठिपके पडतात. चढावर सायकल निम्म्याहून अधिक वेळ हाताने ढकलावी लागली, पण त्याचे मला काहीच वाटले नाही. गुप्त भीमाशंकराशी, जिथे उगमापासून लुप्त झालेली भीमा पुन्हा प्रकट होते असे मानतात, तिथे मी ओंजळभर पाणी प्यायले आणि बराच वेळ गप्प बसून राहिले.

दर्शन घेऊन दुपारी आम्ही उतरायला लागलो, आणि चूक तिथे झाली. ती मी स्पष्टपणे लिहिते, कारण ती लिहिल्याशिवाय तुम्ही काय केलेत हे वाचणाऱ्याला कळणार नाही. उतारावर सायकलचा वेग पुढच्या आणि मागच्या ब्रेकने हळूहळू, चाक फिरते ठेवूनच कमी करायचा असतो. मागचा ब्रेक घट्ट दाबला की चाक फिरायचे थांबते आणि घसरते. अशा वेळी रबर जमिनीला धरून ठेवत नाही, खरवडत जाते. सोबती पुढे निघून गेल्याने मी घाईत होते. गुप्त भीमाशंकराच्या खालच्या तीव्र उतारावर मी मागचा ब्रेक करकचून दाबला, पाचोळ्याखालचे सुटे दगड सरकले, आणि आठ-दहा हात फरफटत जाऊन मी उजव्या मनगटावर पडले. गिअर बदलणारा डिरेल्युअर एका दगडावर आपटून मागच्या चाकात ओढला गेला. दोन स्पोक तुटले, चाक फिरेना. फोनला रेंज नव्हती. माझ्या हाका जंगलाबाहेर पोहोचत नव्हत्या.

तुम्ही वरून आलात ती वेळ साधारण चारची असावी. लिंबू-सरबताचे सामान विकून तुम्ही रिकामी पाटी डोक्यावर घेऊन घरी चालला होतात. कोण, कुठली, एकटी का, यांपैकी काहीही न विचारता तुम्ही आधी माझी बोटे एकेक करून हलवून पाहिलीत आणि म्हणालात, ‘हालतायत. मोडला नाय.’ त्या तीन शब्दांनी मला किती धीर आला, हे तुम्हाला त्या वेळी सांगता आले नाही, म्हणून ते आज सांगते. मग तुम्ही डोक्यावरचा पदर सोडून, त्याची पट्टी फाडून माझे मनगट बांधलेत.

यानंतर जे घडले, त्यासाठी हे पत्र आहे. मला वाटले होते की आता आपण निघू. पण तुम्ही मागे वळून वाटेकडे पाहिलेत. माझ्या चाकाने पाचोळा आणि वरची माती खरवडून उताराच्या सरळ रेषेत एक चर पाडला होता. तुम्ही म्हणालात, ‘पानी ह्याच चरातनं धावंल. दोन पावसात ओढा व्हईल.’ आणि पाटी बाजूला ठेवून तुम्ही कामाला लागलात. तीन चपटे दगड शोधलेत, ते चरावर सरळ न ठेवता तिरके रोवलेत, म्हणजे येणारे पाणी त्यांना अडून बाजूच्या कारवीत उतरेल. मग टाचेने माती दाबलीत, आणि शेवटी हाताने पाचोळा गोळा करून उघड्या मातीवर पसरलात. मी डाव्या हाताने दोन-चार दगड सरकवले, तेवढाच माझा हातभार.

मी अनेक वर्षे सायकल चालवते. वाट उताराच्या सरळ रेषेत गेली की पाणी तिला खाते, म्हणून पाणी ठरावीक अंतरावर बाजूला काढून द्यावे लागते, हे मी वाचले होते, इतरांना समजावूनही सांगितले होते. आमच्या दुष्काळी तालुक्यांत शेतकरी उताराला आडवे बांध घालतात, त्यामागेही हेच कारण आहे. एवढे ठाऊक असूनही, ज्या हाताने ब्रेक दाबला त्या हाताला ते ठाऊक नव्हते. तुम्ही मला एकही शब्द लागेल असा बोलला नाहीत. मी माफी मागितली तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात, की सासूबाईंनी तुम्हाला या वाटेवर पहिल्यांदा आणले, तेव्हा वाटेत पडलेली फांदी उचलून बाजूला टाकल्याशिवाय पुढे जाऊ दिले नव्हते. तेव्हापासून चाळीस वर्षे तुमचा हात आपोआप जातो.

खाली येताना मी सांगाडा डाव्या खांद्यावर घेतला. निकामी झालेले मागचे चाक मी काढले, तर तुम्ही ते माझ्या हातातून घेतलेत, पाटी उपडी केलीत, त्यावर चाक आडवे ठेवलेत आणि चुंबळ सारखी करून सगळे डोक्यावर चढवलेत. एक हातही न लावता तुम्ही ते भोरगिरीपर्यंत आणलेत. ज्या वाटेने यात्रेकरू देवासाठी फुले-बेल नेत आले, त्याच वाटेने माझे चाक तुमच्या डोक्यावरून चालले होते. ते दृश्य आठवले की मला आजही भरून येते.

चालताना तुम्ही मला शेकरूचे घरटे दाखवलेत. फांद्यांच्या बेचक्यात काटक्यापानांचा तो गोळा मी सकाळी त्याखालूनच जाऊनही पाहिला नव्हता. शेकरू आपला राज्यप्राणी आहे आणि १९८५ साली हे अभयारण्य प्रामुख्याने त्याच्यासाठीच जाहीर झाले, इतकी माहिती मला होती. पण ते सहसा जमिनीवर उतरत नाही, झाडावरून झाडावरच जाते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींना टेकलेल्या राहिल्या पाहिजेत, हे तुम्ही बोट दाखवून सांगितलेत तेव्हा समजले. अरुंद वाटेवर सायकल वळवायला जागा नाही म्हणून सकाळी मी कुरकुरले होते. ती वाट अरुंद आहे म्हणून वरचे छप्पर अखंड आहे.

मी सोलापूरची, हे कळल्यावर तुम्ही विचारलेत, ‘पंढरपूर तुमच्यातच ना? मंग आमचंच पानी इठोबाच्या पायाशी जातंय.’ खरेच आहे, मावशी. तुमच्या डोंगरावरचे पाणी चासकमानला थांबते, पुढे इंद्रायणी, मुळा-मुठा आणि घोड यांना सोबत घेऊन उजनीत येते, तिथून पंढरपुरात चंद्रभागा होते, आणि मग आम्हा सोलापूरकरांच्या हंड्यात पडते. त्या वाटेवरचा पहिला ओढा तुम्ही त्या दिवशी तीन दगडांनी वळवला होता.

त्या रात्रीबद्दल थोडेच लिहिते, कारण तुमच्या घरच्यांना ते सगळे माहीत आहे. आंबेहळद उगाळून गरम करून तुम्ही मनगटावर लावलीत, नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले वाढलेत, आणि माझ्या पिशवीतली शेंगांची चटणी तुमच्या नातवाला इतकी आवडली की ती तिथेच संपली. माझी शोधाशोध करून थकलेले माझे दोन्ही सोबती तुमच्या ओसरीवर झोपले. सकाळी मी पैसे पुढे केले, तेव्हा तुम्ही ते घेतले नाहीत. त्याऐवजी पुन्हा आलीस की देवाला पायी जा, असे सांगितलेत. सोलापुरात परतल्यावर क्ष-किरण तपासणी केली. हाड शाबूत होते, शीर दुखावली होती. बोटे हलवून तुम्ही जे सांगितले होते तेच डॉक्टरांनी सांगितले.

आता इथे काय बदलले तेही तुम्हाला कळले पाहिजे. सोलापूरची माणसे अश्विनी पौर्णिमेला पायी तुळजापूरला जातात. साधारण ४५ किलोमीटरचे ते अंतर मीही मुलगी असताना आईचा हात धरून चालले आहे. पायी जाणाऱ्याला मागून येणाऱ्या चाकाची भीती कशी वाटते, हे मला तेव्हापासून माहीत असायला हवे होते. आमच्या गटाने आता ठरवले आहे, की यात्रेच्या दिवसांत आणि पावसाळ्यात अशा पायवाटांवर सायकल न्यायची नाही. एरवी गेलो तर चालणारा दिसताच उतरून बाजूला उभे राहायचे, आणि ज्या उतारावर चाक फिरते ठेवून उतरता येत नाही, तिथे सायकल खांद्यावर घ्यायची. येडशीजवळच्या रामलिंगच्या रानात मार्चमध्ये आम्ही गेलो, तेव्हा एका नव्या मुलाच्या चाकाने पाडलेला चर सगळ्यांनी मिळून तिरके दगड लावून बुजवला. कोणी शिकवले, असे त्याने विचारले, तेव्हा मी तुमच्याबद्दल सांगितले.

या पत्रासोबत एक सोलापुरी चादर आणि शेंगांच्या चटणीची दोन पाकिटे पाठवते आहे. चटणी नातवासाठी आहे. तुमची पदराची पट्टी मी धुऊन, घडी घालून जपून ठेवली आहे, ती स्वतःच परत आणून देईन. मार्गशीर्षात येते, सायकल भोरगिरीतच ठेवून तुमच्याबरोबर पायी वर जाईन, आणि चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर वाहिलेली ती मोठी घंटा या वेळी घाई न करता पाहीन.

तुमच्याकडे पाऊस लागला असेल. इथे अजून आभाळ नुसते येते आणि जाते, पण उजनीत पाणी चढू लागल्याची बातमी आज आली. सरबताचे दुकान आता बंद असेल, पण तुमच्यापैकी कोणी गुप्त भीमाशंकराच्या बाजूला गेलेच, तर आपण रोवलेले ते तीन दगड जागेवर आहेत का आणि पाणी कारवीकडेच वळते आहे का, एवढे पाहून नातवाकरवी मला नक्की कळवा. सरकले असतील तर मार्गशीर्षात आपण दोघी ते पुन्हा बसवू.

आपली कृतज्ञ,
तुमच्या घरी एक रात्र राहिलेली सोलापूरची सायकलवाली