जिना, तू आणि तो माऊथपीस

प्रिय बंड्या,

आधी मनसोक्त शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. तीन वर्षांत तुझे दोन मेसेज आले आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. कारण म्हणशील तर आळस, आणि थोडा राग. त्या रागाचंच सांगायला बसलोय. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, बीपीची गोळी लागली, बास.

मेझो विकला, आपला तो एफ सुरातला जुना सॅक्सोफोन.

हो, तोच, आणि तुला न विचारता. सरांनी देताना "दोघांचा" म्हटलं होतं हे मी विसरलेलो नाही, उगाच आठवण करून देऊ नकोस. पण चार वर्षं केस उघडली नव्हती रे. परवा उघडली तर भोकं झाकणारे पॅड दगडासारखे कडक, आणि तो वास, ओल्या चामड्याचा आणि जुन्या कॉर्क-ग्रीसचा. म्हटलं आपल्याकडे हा असाच मरणार, त्यापेक्षा कुणाच्या तरी हाती जाऊ दे.

जाहिरात लिहायला तीन रात्री गेल्या. ही जुनी वाद्यं घेणारी मंडळी कशी असतात तुला माहितीये, घ्यायचं नसलं तरी चाळीस प्रश्न विचारणार. सीरियल नंबरचा जवळून फोटो, नेक (वरची वाकडी नळी) मूळचीच का, टोनहोलच्या, म्हणजे सुरांच्या भोकांच्या, वळवलेल्या कडांवर कुणी कानस तर मारली नाही ना (ती एकदा घासली की गेली, पत्र्याची वळी परत येत नाही), आणि सगळ्यात मोठा प्रश्न, चांदीचा मुलामा ओरिजिनल आहे का. मी छातीठोकपणे लिहिलं, ओरिजिनल. नेहमीचा ई फ्लॅट अल्टो सॅक्सोफोनच ठाऊक असलेल्या एका नवशिक्याने विचारलं, "एफमधला म्हणजे बिघडलेला अल्टो का?" मग त्याला अख्खं लेक्चर दिलं, की १८४६ च्या पेटंटमध्ये अ‍ॅडॉल्फ सॅक्सच्या डोक्यात सॅक्सोफोनची दोन घराणी होती, बी फ्लॅट-ई फ्लॅटचं बँडसाठी आणि सी-एफचं ऑर्केस्ट्रासाठी, त्यातलं बँडवालं टिकलं, मग १९२८ मध्ये एल्कहार्टच्या कॉन कंपनीला एफचा मेझो काढायची हुक्की आली आणि पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, म्हणून हा इतका कमी सापडतो. लिहून झाल्यावर लक्षात आलं, हे सगळं तुझंच आहे, शब्द न शब्द. इंग्लिश हॉर्नचा कागद (तेही एफमधलंच वाद्य, म्हणजे सूर बदलायची गरजच नाही) जसाच्या तसा समोर ठेवून वाजवलास आणि सर म्हणाले "वा, ट्रान्सपोझिशन पक्कं आहे तुझं", तेव्हाही मला तुझा असाच राग आला होता.

बरं, आता मुद्दा. मुद्दा म्हणजे जिना.

जाहिरातीत दोष लिहावे लागतात. मी लिहिलं, "खालच्या वळणाला पोचा, जिन्यावरून पडल्यामुळे. सगळ्यात खालचा सूर, बी फ्लॅट, गुरगुरतो." कुणी पाडला ते नाही लिहिलं, एवढा तरी मोठेपणा माझ्यात आहे. एक संग्राहक पुढे आले, वयस्कर, मोजकं बोलणारे. भाव मान्य, अ‍ॅडव्हान्सही पाठवला. म्हटलं देण्याआधी जरा लीक बघून घेऊ, म्हणून आपल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने आत दिवा सोडला, खोलीत अंधार केला, आणि लो सी या खालच्या सुराच्या पॅडखालून चंद्रकोरीएवढी फट उजळली. "हे भोकच सपाट नाहीये," म्हणाला. म्हटलं असणारच, जिन्यावरून पडलाय ना. त्याने कीचं गार्ड काढलं, अंगठ्याने चाचपलं आणि मला खुणेने जवळ बोलावलं.

गार्डच्या पायाखाली पॅच होता रे. नखाएवढा पत्रा, झाळून बसवलेला, कडेने डाकाचा ओघळ. आणि त्या ओघळावरून चांदी गेलेली. सलग. म्हणजे आधी कधीतरी वळण चेपलं, कुणीतरी ते ठोकून पॅच लावला आणि मग अख्ख्या वाद्याला नवा मुलामा दिला. हे सगळं आपल्या हातात यायच्या आधी. त्यानंतर कुणी मुलामा दिलेला नाही, ते तर आपल्याला माहितीच आहे.

मी म्हटलं, आणि जिन्याचं? तो म्हणाला, "बाहेरचा हा पोचा? हा भोकापासून लांब आहे. याने काही गुरगुरत नाही."

एकवीस वर्षं बंड्या. एकवीस वर्षं मी तुला त्या बी फ्लॅटवरून बोललो. तुझ्या लग्नातसुद्धा बोललो. आणि तू दर वेळी म्हणायचास "तो आधीपासून तसाच होता", मी म्हणायचो थापा मारतो साला. (पाडलास तूच, हे मात्र कायम आहे. त्यावर वाद नको.)

बरं, तुझी माफी मागायची तर दुसरी पंचाईत. मुलामा ओरिजिनल नाही हे आता मला माहीत, आणि अ‍ॅडव्हान्स माझ्या खात्यात. चार दिवस गप्प बसलो. चार! मनात म्हणायचो, गार्ड परत बसवलंय, कोण बघतंय. एका रात्री तर मेसेज लिहून खोडला तीनदा. चौथ्या दिवशी पॅचचा फोटो पाठवून दिला आणि लिहिलं, सौदा मोडायचा तर मोडा. त्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "पहिल्या फोटोतच दिसलं होतं. नक्षीच्या कडा बोथट आहेत, सीरियल नंबरही उथळ. मुलाम्याआधी पॉलिश मारल्याशिवाय असं होत नाही. तुम्ही सांगता का बघत होतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाव मी स्वतःच उतरवला, त्यांनी नको म्हटलं नाही.

दिला त्यांना. एका मुलीनेही विचारलं होतं, रोज वाजवणारी, पण तिला पॅड काढून आधुनिक, मध्ये चकती असलेले रेझोनेटर पॅड घालायचे होते आणि अंगठा अडकवायचा थंब-हूक बदलायचा होता, मला ते बघवलं नसतं. आता वाटतं, काचेच्या कपाटात ठेवायला दिला का मी तो? ते म्हणतात वाजवणार. बघू.

तुझ्या घराचे फोटो बघितले, बाल्कनी झकास. पोरगी दहावी झाली ना, तिला शाबासकी सांग. वहिनींची बदली झाली का? कळव.

आता शेवटचं, आणि याच्यासाठीच पत्र लिहिलंय असं म्हणशील तर म्हण. त्या संग्राहकांनी विचारलंय, मूळ माऊथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा तुकडा, आहे का. अल्टोचा लावून बघितला, सूर जागेवर बसत नाहीत, वरचा सप्तक एकीकडे नि खालचा दुसरीकडे. मूळचा वाद्याहूनही दुर्मीळ, तुला सांगायला नको. त्या जिन्याच्या रात्री मी केस आवरली तेव्हा तो त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू "मीच घेतला" म्हणाला असतास आणि मग खरंच बोलणं संपलं असतं.

तुझ्याकडेच आहे ना तो?

असला तरी पाठवच असं म्हणत नाही. पैशांतला अर्धा वाटा तुझाच आहे, खाते नंबर कळव, माऊथपीसचं काहीही ठरो. त्यांना मी "शोधतो" एवढंच सांगितलंय. तू काय म्हणशील ते त्यांना कळवतो. हरवला असं मात्र नाही सांगणार, एकदा फजिती झाली तेवढी पुरे.

तुझाच,
बाळ्या

ता. क. पोच्याचा फोटो वेगळा पाठवतोय. बघून मनसोक्त हस.