ज्याची भूमी, त्याची सही: परराष्ट्रमंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

21 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधानांनी पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, पुष्पचक्रे वाहिली, त्यांतल्या एका स्मारकावर आमच्या गावाचे नाव आहे. कोल्हापूरकरांना त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला. दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांना आपण आश्रय दिला, अन्न दिले, माणुसकी दाखवली, असे त्या दिवशी सगळ्यांनी सांगितले आणि ते खरेच आहे. पण त्या माणसांना आश्रय शोधत इतक्या लांब का यावे लागले, हे फारसे कुणी बोलले नाही. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवलेली बाई म्हणून ते आपल्यापुढे मांडावेसे वाटते. कारण तोच प्रश्न आज आपल्या टेबलावर आहे.

1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे 5000 माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, सगळे त्यांनी तिथे उभे केले होते. ही माणसे पूर्व पोलंडची. 23 ऑगस्ट 1939 ला जर्मनी आणि सोव्हिएत संघाने अनाक्रमणाचा करार केला आणि त्याच्या गुप्त कलमांत पोलंड वाटून घेतला. 1 सप्टेंबरला हिटलरचे सैन्य पश्चिमेकडून घुसले, 17 सप्टेंबरला स्टालिनचे पूर्वेकडून. मग कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबेरियाला आणि कझाकस्तानला धाडली गेली. 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे काही जण आपल्याकडे पोहोचले.

यापुढचा भाग मला जास्त लागतो. 1943 च्या अखेरीस, म्हणजे वळिवड्याची छावणी नुकती वसत होती त्याच सुमारास, तेहरानमध्ये रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन भेटले. पोलंडची पूर्व सरहद्द मागे सरकवायची, हे तिघांनी तिथे आपसात ठरवले. आपल्याकडे लाखो पोलिश मतदार आहेत, निवडणूक तोंडावर आहे, तेव्हा मला यावर आत्ता उघड बोलता येणार नाही, असे रूझवेल्टनी स्टालिनला सांगितले होते. पोलंडचे सरकार लंडनमध्ये होते, त्याचे सैनिक दोस्तांच्या बाजूने लढत होते, तरी त्याला त्या बैठकीचे बोलावणे नव्हते. वळिवड्याच्या बराकीत घरी परतायचे दिवस मोजणाऱ्या बायकांची घरे परस्पर दुसऱ्या देशात गेली होती. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाच्या बैठकीत याच तिघांनी त्यावर शिक्का मारला. जुलैमध्ये ब्रिटन-अमेरिकेने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली. हिटलर हरला, दोस्त जिंकले आणि जिंकलेल्यांच्या बाजूने लढलेल्यांना परतायला आपले गाव उरले नाही. कुणी इंग्लंडला गेले, कुणी आणखी लांब.

पोलिश गेले आणि त्याच जागेत फाळणीत घर गमावलेले सिंधी येऊन राहिले. आज तिथे गांधीनगर आहे, लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही तिथेच जातो.

कोल्हापूरला हे परके वाटू नये असे आमचे स्वतःचेही इतिहासाचे पान आहे. ताराराणींनी उभी केलेली ही गादी जन्मापासून मोठ्यांच्या मध्ये सापडलेली होती. साताऱ्याच्या शाहू महाराजांविरुद्ध निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरले. 1728 मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले, मुंगी-शेवगावचा तह झाला आणि निजामाने संभाजीराजांची बाजू सोडून दिली. त्यांचा जो काही पक्ष होता तो निजामाच्या सोयीपुरता होता. त्यानंतर 1731 चा वारणेचा तह झाला. साताऱ्याचे पारडे तेव्हा उघडच जड होते, तरी वारणेच्या दक्षिणेचे राज्य कोल्हापूरचे म्हणून मानले गेले, दोन्ही छत्रपतींच्या संमतीने. तो तह टिकला.

1812 ला मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या एल्फिन्स्टनने पेशवे आणि कोल्हापूर यांच्यात मध्यस्थी केली. चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडा, मालवण कंपनीला द्या, यापुढे तुमची भांडणे आमच्याकडे आणा, बदल्यात आम्ही तुमचे रक्षण करू. रक्षण झाले. पुढे कंपनीने सैन्यावर मर्यादा घातली, कारभारी नेमायचा अधिकार घेतला, 1844 चे किल्ले राखणाऱ्या गडकऱ्यांचे बंड मोडल्यावर किल्ल्यांचे तट पाडले. 1857 नंतर छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवले, ते तिथेच वारले. रक्षणाच्या कराराने लहान राज्य कसे आतून रिकामे होते, हे आम्हाला दुसऱ्याच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही.

महोदय, आता आपल्या देशाच्या वाट्याला आलेली गोष्ट. अरुणाचलची सरहद्द आपण मॅकमोहन रेषेप्रमाणे सांगतो. ती रेषा 1914 च्या सिमला परिषदेच्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थान आणि तिबेट यांच्या प्रतिनिधींनी आपसात मान्य केली. चीन ती मानत नाही. म्हणजे त्या कागदाला जे वजन आहे ते तिबेटच्या सहीचे आहे. तिबेटला सही करण्याचा अधिकार होता, असे म्हटले तरच ती रेषा उभी राहते.

आणि आपण काय केले? ऑक्टोबर 1950 मध्ये चिनी फौजा तिबेटमध्ये शिरल्या. एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या चिमुकल्या देशाने तो विषय संयुक्त राष्ट्रांत नेला. शेजारी म्हणून सगळ्यांचे लक्ष भारताकडे होते. प्रश्न शांततेने सुटेल अशी आशा आहे, असे आपल्या प्रतिनिधीने सांगितले आणि विषय लांबणीवर पडला. ते प्रतिनिधी होते नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह. जामनगरजवळच्या बालाचडीला पोलिश मुलांना ज्यांनी आपल्या पंखाखाली घेतले आणि ज्यांच्या स्मारकाला पंतप्रधानांनी त्याच दिवशी वॉर्सात वंदन केले, तेच. या माणसाच्या करुणेबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ते सरकारची भूमिका मांडत होते. पण इतक्या मोठ्या मनाच्या माणसाच्या तोंडून आपण हे वदवून घेतले, याचे मला वाईट वाटत आले आहे.

29 एप्रिल 1954 ला आपण चीनशी करार केला. पंचशीलाची पाच तत्त्वे त्याच्याच प्रस्तावनेत आहेत आणि त्यातले पहिलेच एकमेकांच्या प्रादेशिक अखंडतेचा आणि सार्वभौमत्वाचा आदर करण्याचे आहे. करार तिबेटमधल्या व्यापाराचा आणि यात्रेचा. त्यात तिबेटचा उल्लेख ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा आहे आणि करार करणाऱ्यांत तिबेट नाही. ज्याच्या सहीवर आपली सरहद्द टेकलेली होती, त्याची सही आपणच बिनमोलाची ठरवली. आठ वर्षांनी 1962 आले. हे सगळे नेहरूंच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण 2003 मध्ये वाजपेयींच्या सरकारनेही तीच मान्यता पुन्हा दिली. पक्ष बदलले, सवय तीच राहिली. कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत ज्यांची आज तिसरी पिढी वाढते आहे, त्यांना आपण जमीन दिली, शाळा दिल्या. वळिवड्यालाही हेच दिले गेले होते.

म्हणून युक्रेनच्या प्रश्नावर आपले मत पाहते तेव्हा मला चैन पडत नाही. 2 मार्च 2022 ला आमसभेत 141 देशांनी आक्रमणाविरुद्ध मत दिले आणि आपण तटस्थ राहिलो. सर्व देशांच्या सार्वभौमत्वाचा आणि प्रादेशिक अखंडतेचा आदर व्हावा, हे आपले प्रतिनिधी प्रत्येक वेळी भाषणात सांगतात, मग मतदानाला हात खालीच राहतो. 1994 मध्ये युक्रेनने आपल्याकडची अण्वस्त्रे सोडली ती रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांच्या सह्यांच्या भरवशावर. फेब्रुवारी 2025 मध्ये रियाधला रशिया आणि अमेरिका युद्ध कसे थांबवावे यावर बोलायला बसले, तेव्हा युक्रेन त्या खोलीत नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रीनलंड आम्हाला हवे म्हणत होते. तिथे राहणाऱ्यांनी आम्ही विकायला नाही, असे सांगितले. माझे म्हणणे एका राजधानीविरुद्ध नाही. मॉस्को, वॉशिंग्टन, बीजिंग, तिघांनाही ते सारखेच लागू आहे.

आपण म्हणाल, 140 कोटी लोकांचे तेल, खत, शस्त्रांचे सुटे भाग सांभाळायचे असतात, तत्त्वावर देश चालत नाही. ही जबाबदारी मी हलकी मानत नाही. रशियाकडून तेल घेऊ नका, असे मी म्हणत नाही, संबंध तोडा असेही नाही. पण स्पष्ट बोलल्याने आपले फार बिघडते, हा अनुभव नाही. एप्रिल 2003 मध्ये इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध आपल्या लोकसभेने एकमताने ठराव केला. अमेरिका तेव्हा आजच्याइतकीच बलाढ्य होती. त्यानंतर 2008 मध्ये त्याच अमेरिकेशी आपला अणुकरार झाला.

आणि मोठा देश लहानाशी न्यायाने वागू शकतो, हे आपण स्वतः करून दाखवले आहे. ते आपण पुरेसे सांगत का नाही, हेच कळत नाही. बंगालच्या उपसागरातल्या हद्दीवरून बांगलादेश आपल्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला. जुलै 2014 मध्ये निकाल आला, वादातल्या सुमारे 25600 चौरस किलोमीटरपैकी सुमारे 19500 बांगलादेशला मिळाले आणि आपण तो निकाल मानला. दोन वर्षांनी फिलिपिन्सच्या बाजूने असाच निकाल लागला तेव्हा चीनने तो धुडकावला. मोठ्या रानाच्या मालकाने बांध कोरायचा नसतो, हे आमच्याकडे पोराटोरांना कळते. आपण ते समुद्रात पाळले. भूतानशी 1949 च्या तहात परराष्ट्र व्यवहारांत त्याने भारताचा सल्ला घ्यावा असे कलम होते, ते 2007 मध्ये काढले. भूतान त्यामुळे लांब गेला नाही. 2017 मध्ये डोकलामला चीनचा रस्ता आला तेव्हा भूतानने स्वतः, स्वतःच्या नावाने निषेध नोंदवला.

नेपाळशी मात्र असे झाले नाही. एप्रिल 2015 च्या भूकंपातून तो देश उठत होता. सप्टेंबरमध्ये त्यांची राज्यघटना आली आणि त्यानंतर काही महिने सीमेवर मालमोटारी अडल्या. नाकाबंदी आम्ही केली नाही, असे दिल्लीने सांगितले. काठमांडूत गॅस, पेट्रोल आणि औषधांची टंचाई झाली आणि तिथल्या सामान्य माणसाने तो राग भारतावर धरला. 1950 चा भारत-नेपाळ मैत्रीचा तह कसा बदलावा हे ठरवायला दोन्ही देशांनी नामवंतांचा गट नेमला. 2018 मध्ये त्यांचा अहवाल तयार झाला आणि वर्षानुवर्षे तो कुणी स्वीकारलाच नाही. त्यानंतर काठमांडूत बीजिंगचे वजन का वाढते, हा प्रश्न आपण एकमेकांना विचारत राहतो.

माझ्या मागण्या दोनच आहेत. पहिली, युक्रेन असो, तैवानच्या सामुद्रधुनीचा प्रश्न असो की ग्रीनलंड, ज्यांच्या भूमीचा निर्णय होतो आहे त्यांच्या संमतीवाचून झालेली कोणतीही तडजोड भारत मान्य करणार नाही, असे निवेदन आपण संसदेच्या येत्या अधिवेशनात करावे. कुठल्या बाजूने मत द्यायचे ते त्या त्या वेळी ठरवा, पण एवढी एक अट आधी लेखी जाहीर करा. आपला आवाज आज ऐकला जातो आणि आशिया-आफ्रिकेतले अनेक लहान देश कुणीतरी हे आधी म्हणावे याची वाट पाहत आहेत.

दुसरी, नेपाळबाबतचा तो अहवाल आपण काठमांडूला जाऊन, त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या सोबतीने स्वीकारावा आणि दोन्ही संसदांपुढे ठेवावा. त्यातले सगळे पटलेच पाहिजे असे नाही. न पटलेल्या कलमांवर चर्चा होऊ शकते. पण ती चर्चा त्यांच्याबरोबर, समोरासमोर बसून व्हावी.

कळावे,

इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर