बाय, जहाजावरचं जेवण आणि बंदरातलं फिरणं

चि. मुक्ता हिस, बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. सप्टेंबरअखेरीला रोमजवळच्या चिवितावेक्कियाहून निघायचं आणि नेपल्स, मेसिना, माल्टातलं व्हॅलेटा, ग्रीसमधलं सँटोरिनी, तुर्कस्तानातलं कुशादासी करत अथेन्सच्या बंदरात, पिरेअसला उतरायचं. मार्ग छान आहे. विहीणबाईंनाही नेताय हे वाचून जास्त बरं वाटलं. मी सगळी नोकरी त्याच पाण्यात काढली, पण ताटं वाढायच्या बाजूने. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि निम्मं विसरतेस, म्हणून लिहूनच पाठवतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. अशा महागड्या जहाजावर जवळजवळ काहीही मिळतं, फक्त आदल्या दिवशी मागावं लागतं. उद्याच्या जेवणाचं सामान आज संध्याकाळी कोठारातून वर येतं. उद्याच्या सहलीची यादीही सहसा आजच बंद होते. संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम छापून येतो किंवा फोनवरच्या ॲपमध्ये दिसतो. तो जेवायला जायच्या आधी वाचायचा. नवीन लोक तो सकाळी नाश्त्याला वाचतात आणि मग काउंटरवर हुज्जत घालत बसतात.

आता विहीणबाईंचं जेवण. त्या अंडंही खात नाहीत, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. बुकिंगच्या फॉर्मात "व्हेजिटेरियन" एवढं लिहून भागत नाही. युरोपियन आचाऱ्याच्या लेखी व्हेजिटेरियन म्हणजे ताटात मटणाचा तुकडा दिसत नाही, बस्स. भाज्यांचं सूप चिकनच्या पाण्यात उकळलेलं असू शकतं, रिसोट्टोही तसाच. फ्रेंच अनियन सूपला बहुधा गोमांसाचा स्टॉक, म्हणजे हाडं-मांस उकळलेलं पाणी, असतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाची खारवलेली बारीक मासळी असते. पन्ना कोटा आणि मूस ही गोड पक्वान्नं बहुधा जिलेटिनवर, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेल्या पदार्थावर, घट्ट केलेली असतात. खरं पार्मेझान चीज तर रेनेटशिवाय, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाशिवाय, होतच नाही. म्हणून फॉर्मात फोड करून लिही: मांस, मासे, अंडं, स्टॉक, जिलेटिन, यातलं काही नको. आणि जहाजावर चढलात की पहिल्याच दुपारी डायनिंग रूममध्ये जाऊन मेट्र-डीला, म्हणजे तिथल्या मुख्य माणसाला, प्रत्यक्ष भेट. त्या वेळी तो दाराशी टेबलांचा नकाशा घेऊन उभा असतो आणि त्याला बोलायला सवड असते. रात्री आठला नसते.

त्याच्याकडे भारतीय जेवणाबद्दल सरळ विचार. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, आपले लोक पुष्कळदा असतात. गोव्याचे, वेंगुर्ल्याचे, वसईचे कुणी ना कुणी भेटतीलच. खाली क्रू मेसमध्ये डाळभात तर आम्ही रोजच जेवायचो. वर गेस्टला तो देता येतो, फक्त एक दिवस आधी सांगितलेलं असावं. मी असताना एका गुजराती आजींसाठी रोज रात्री डाळ, जिरा भात आणि एक सुकी भाजी वेगळ्या झाकणाच्या भांड्यात यायची. शेजारच्या टेबलावरचे अमेरिकन नवरा-बायको दोन रात्री नुसते बघत राहिले, तिसऱ्या रात्री त्यांनीही तेच मागवलं. पण विहीणबाईंना रोज डाळभातच देऊ नकोस हं. जेवायला बसल्यावर वेटर दुसऱ्या दिवशीचा मेनू आणून देईल, त्यातलं काय त्यांच्यासाठी बदलून करता येईल ते तिथल्या तिथे ठरवा. वांग्याची पार्मिजाना, म्हणजे टोमॅटो आणि चीज घालून भाजलेले वांग्याचे काप, त्या आवडीने खातील, फक्त चीज कुठलं ते विचारून घ्या.

पोळीच्या आशेने लोक इंडक्शन शेगडी आणि छोटी किटली बॅगेत टाकतात. तसलं काही नेऊ नकोस. तापणारी विजेची वस्तू तपासणीत बाजूला काढतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. भाकरवडी, चटणी, मेतकूट बंद पाकिटातून न्या, त्याला जहाजावर कुणी हरकत घेत नाही. जहाजावरची फळं किंवा सँडविच मात्र पिशवीत घालून बंदरात उतरायचं नाही, ते किनाऱ्यावरच्या नियमात बसत नाही.

रात्रीच्या जेवणाचं फार दडपण घेऊ नका. चमचे-काटे बाहेरच्या बाजूने आत वापरत जायचे. तुमचा ब्रेड डावीकडचा, पाण्याचा पेला उजवीकडचा. खाऊन झालं की सुरी आणि काटा ताटात जोडीने ठेवायचे. ते पसरून ठेवलेले दिसले तर वेटर ताट उचलत नाही, आणि जावईबापू त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. मेनूवर पाच पायऱ्या छापलेल्या असल्या तरी पाचही चढायची सक्ती नसते. दोन स्टार्टर घ्या आणि मेन कोर्स गाळा, किंवा अर्धा पोर्शन मागा. वाइन भाड्यात धरलेली असली की पेला रिकामा राहू देत नाहीत. नको असेल तर पेल्यावर नुसता हात ठेवायचा, बोलावंही लागत नाही. वेगळ्या महागड्या बाटल्यांची यादी आली तर मात्र किंमत बघा, ती बिलात चढते.

कपड्यांचं तू विचारलं होतंस. संध्याकाळी सहानंतर शॉर्ट्स आणि सपाता चालत नाहीत. फॉर्मल रात्र असली तर तुम्ही दोघी खुशाल पैठणी नेसा. जावईबापूंना बंदगळा पुरे, टक्सिडो भाड्याने घ्यायच्या भानगडीत पडू नका.

स्पेशालिटी रेस्टॉरंटं म्हणजे वेगळ्या खोलीतली, कमी टेबलांची. त्यांचं बुकिंग घरून होतं, आणि मोठ्या सूटवाल्यांसाठी ते आधी उघडतं. तुमच्या पाळीला सगळं भरलेलं दिसलं तर पहिली रात्र मागून बघ. त्या दिवशी लोक प्रवासाने दमलेले असतात, टेबलं रिकामी राहतात. पण माझं खरं मत विचारशील तर तिथे एकदाच जा आणि बाकीच्या रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये जेवा. अशा जहाजांवर बहुधा हव्या त्या वेळी, हव्या त्या टेबलावर बसता येतं. तरी पहिल्या दोन रात्रींत जो वेटर पसंत पडेल त्याचंच टेबल मागत जा. तिसऱ्या रात्री विहीणबाईंना काय चालतं हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. बुफे दुपारी ठीक आहे, त्यातही एक वाजताची गर्दी म्हणजे लग्नातली तिसरी पंगत. शिरताना हात साबणाने धुवा. दारातल्या सॅनिटायझरवर विसंबू नका, जहाजावर पोटाचा जो नोरोव्हायरस फिरतो तो त्याने नीट मरत नाही.

आता बंदरं. कंपनीच्या सहलींची यादी बघून तू घाबरली असशील, किमती तशाच असतात. (काही कंपन्या सहली भाड्यातच धरतात, तुझ्या तिकिटात काय आहे ते एकदा बघून घे.) माझा नियम असा की धक्क्यापासून गाव चालत किंवा लिफ्टने गाठता येत असेल तर सहल घ्यायची नाही. तासभर बसने जायचं असेल, किंवा टेंडरने, म्हणजे छोट्या होडीने उतरायचं असेल, तर कंपनीची घ्यायची. कारण एकच. कंपनीची बस अडकली तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय कंपनी करते. तुम्ही स्वतःच्या टॅक्सीने गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं. धक्क्यावरून धावत येणारी माणसं वरच्या डेकवरून सगळे बघतात, कुणी कुणी टाळ्याही वाजवतात. खाली धावणाऱ्याला मात्र पुढच्या देशाचं विमान स्वतःच्या खर्चाने शोधावं लागतं.

त्या हिशेबाने नेपल्समध्ये पॉम्पेईची सहल घ्या. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर आहे. तिथे आता तिकीट नावानिशी असतं आणि दिवसाला 20,000 माणसांपुरतंच, त्यामुळे आयत्या वेळी जाऊन भागत नाही. रस्ते मोठमोठ्या दगडांचे आणि सावली जवळजवळ नाही. सहलीच्या यादीत चालण्याची पातळी दिलेली असते, विहीणबाईंच्या गुडघ्यांना ती वाचूनच घ्या. त्या नको म्हणाल्या तर नेपल्सचा धक्का गावाच्या अगदी मध्यावर आहे. खाली उतरून पिझ्झा मारिनारा खायचा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज नाही आणि नावात दर्या असूनही मासळी नाही. जहाजावरचं जेवण भाड्यात आहे म्हणून दुपारी परत पळत येऊ नका. नेपल्समध्ये उतरून बुफेत जेवणारी माणसं मी आयुष्यभर बघितली, मला ती कधी कळली नाहीत.

मेसिनाला सहल नकोच. तिथून ताओर्मिनाला सगळे जातात आणि गर्दीत फिरून येतात. तुम्ही चालत कॅथेड्रलपाशी जा, पण बाराच्या आधी. तिथल्या घंटाघरावर स्ट्रासबुर्गच्या कारागिरांनी बनवलेलं, 1933 सालापासून चालणारं घड्याळ आहे. दुपारी बाराला वरचा सोनेरी सिंह शेपटी हलवत गर्जना करतो, मग कोंबडा पंख फडफडवून आरवतो, मग एकेक पुतळे फिरू लागतात. चांगला दहा-बारा मिनिटांचा खेळ असतो. तो बघून समोर बसून बदामाची ग्रानिता, म्हणजे बर्फाळ सरबतासारखा प्रकार, खायची. विहीणबाईंनाही चालेल, सोबतचा ब्रिओश पाव तेवढा त्यांना देऊ नका, त्यात अंडं असतं.

व्हॅलेटाला जहाज बहुधा भल्या सकाळी आत शिरतं. त्या दिवशी झोपून राहिलात तर मला सांगू नका. दोन्ही बाजूंनी पिवळ्या दगडाचे किल्ले आणि मधून तुम्ही. उतरल्यावर पाण्याकाठून वरच्या बराक्का बागेपर्यंत लिफ्ट आहे, 58 मीटर उंच, म्हणजे चढण वाचली. बाराला बागेखालून तोफ उडते. सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं 1608 सालचं मोठं चित्र आहे, ते जरूर बघा. खांदे झाकलेले हवेत आणि टोकदार टाचेच्या चपला तिथे चालत नाहीत, जमिनीवर कोरलेल्या समाधी आहेत.

माल्टाहून ग्रीसकडे जाताना रात्री घड्याळ एक तास पुढे करायचं असतं. समुद्रात फोन कधी बदलतो, कधी नाही. म्हणून हातात साधं घड्याळ ठेवा आणि ते जहाजाच्या वेळेला लावा. परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळाने मोजतात, आणि ती जहाज सुटायच्या किमान अर्धा तास आधीची असते.

सँटोरिनीला धक्काच नाही. ज्वालामुखीच्या बुडालेल्या तोंडात जहाज उभं राहतं, पाणी इतकं खोल की मोठी जहाजं सहसा नांगर न टाकता इंजिनावर जागा धरून असतात. टेंडरने जुन्या बंदरात उतरायचं आणि वर 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार, गाढवं किंवा सुमारे 600 पायऱ्या. गाढवावर बसू नका, त्या मुक्या जनावरांचे हाल बघवत नाहीत. पायऱ्यांवर त्यांचीच लीद पडलेली असते. राहिली केबल कार, आणि दुपारी सगळी जहाजं एकदम परत निघाली की तिची रांग तासाच्या वर जाते. इथे कंपनीची सहल घेतलीत तर टेंडर बहुधा दुसऱ्या बंदरात नेतं आणि तिथून बस वर ओइआ गावाला जाते, चढणीचा प्रश्न मिटतो. उतरताना केबल कारच आहे, म्हणून गर्दीच्या आधी तासभर निघा. वारा सुटला तर कप्तान टेंडर रद्द करतो, त्यावर भांडायचं नसतं. उन्हाळी हंगामात ग्रीस सरकार तिथे उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशाकडून दर माणशी 20 युरो घेतं, ते बिलात दिसले तर दचकू नकोस.

कुशादासीहून एफेसस, म्हणजे प्राचीन शहराचे अवशेष, सुमारे 20 किलोमीटर. सहलीची बस वरच्या दाराशी सोडते आणि खालच्या दाराशी घेते ना, एवढं विचारून घ्या. मग सगळं चालणं उताराचं होतं आणि सेल्ससच्या ग्रंथालयाची ती दोन मजली दर्शनी भिंत हळूहळू समोर येत जाते. संगमरवर झिजून गुळगुळीत झालाय, रबरी तळव्याचे बूट घाला. सहलीत शेवटी गालिच्याच्या दुकानात बसवतात. सफरचंदाचा चहा प्या आणि उठा.

टिप अशा जहाजांवर बहुधा भाड्यात असते. द्यावीशी वाटली तर द्या, पण त्याहून उपयोगाचं म्हणजे शेवटी जो अभिप्राय मागतात त्यात वेटरचं आणि केबिनवाल्याचं नाव स्पष्ट लिहा. आमच्या बढत्या त्या कागदावर व्हायच्या.

तुझी आई म्हणते, चटणीचं पाकीट ती पाठवतेय. जावईबापूंना आणि विहीणबाईंना नमस्कार सांग.

तुझा,
बाबा

ता. क. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो) मल्टिपल एंट्री आहे का ते आजच बघ. कुशादासीला तुम्ही शेंगेनबाहेर पडता आणि पिरेअसला पुन्हा आत येता. सिंगल एंट्रीवर जहाजावर चढूच देणार नाहीत. तुर्कस्तानच्या ई-व्हिसाचंही कंपनीला आत्ताच विचारून ठेव. आणि रोमला एक दिवस आधी पोचा, विमानतळाहून थेट जहाज गाठायच्या फंदात पडू नका. चिवितावेक्किया रोमपासून सुमारे 70 किलोमीटर आहे.