सगळ्या टोळीला एकाच रात्री औषध: ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

उसाचा हंगाम सुरू झाला आणि करवीर, कागल, हातकणंगल्याच्या शिवारांत बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पुन्हा उभ्या राहिल्या. आपल्या तालमीचं महिला मंडळ आणि पोरं काही हंगामांपासून तिथं जातात. कपडे, वह्या, खाऊ, जमेल ते नेतात. यंदा एकच काम हातात घेतलंय, तिथल्या लेकरांची खरूज घालवायची. हे काम अर्धं करून चालत नाही. म्हणून तुमच्या दारात आलो आहोत.

आमचं लक्ष लेकरांच्या कातडीकडं गेलं ते २०१९ च्या महापुरात. पंचगंगेकाठची माणसं घरं सोडून शहरात आली होती आणि आम्ही एका शाळेत त्यांच्यासाठी रांधत होतो. दोन दिवस झाले आणि आया ताट घेताना हळूच विचारायला लागल्या, "ताई, खाजेचं मलम हाय का काय?" पोरांच्या पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, अंगावर पुळ्या, एका खोलीत चाळीस माणसं झोपलेली. तेव्हापासून कुठंही गेलो की आधी पोरांचे हात बघायची सवय लागली.

कोप्यांवर हात बघितले तर बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ, मनगटावर ओरखडे, त्यावर पिवळट खपल्या. सात-आठ वर्षांची एक पोरगी मांडीवर भावाला घेऊन बसली होती. एका हातानं त्याला थोपटत होती आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं पोट खाजवत होती. त्या बाळाच्या तळहातांवर आणि तळपायांवरही फोड होते. आई म्हणाली, "दिसा काय नसतंय बाई, रातच्याला आथरुणात शिरलं की रडतंय." हे एक वाक्य डॉक्टरांना पुरेसं होतं. रात्री वाढणारी खाज आणि घरात एकापेक्षा जास्त माणसं खाजवणारी, ही खरजेची मोठी खूण.

गेल्या हंगामात मात्र आम्ही चुकलो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पर्मेथ्रिनचं मलम आणलं आणि फक्त पोरांना लावलं. पैसे तेवढेच होते, आणि मोठ्यांना विशेष त्रास दिसत नव्हता. तीन आठवड्यांनी गेलो तर तीच पोरं, तेच हात. आया आमच्या तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण औषधात काही दम नाही असं त्यांच्या मनात बसलं, आणि ते आमच्यामुळं बसलं.

खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून त्यात अंडी घालते, तीन-चार दिवसांत ती उबतात. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे खाजही येत नाही, पण तेवढ्या दिवसांत तो दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे न खाजवणारा बाप आणि खाजवणारं पोर एका वाकळेत झोपले, तर औषध दोघांनाही हवं, त्याच रात्री. आठ दिवसांनी पुन्हा एकदा हवं, कारण औषधाच्या पहिल्या हप्त्यातून वाचलेल्या अंड्यांतून तोवर नवे किडे निघालेले असतात. टोळीतली एक कोपी जरी राहिली तरी तिथून परत सुरू होतं.

खाज हा काही किरकोळ त्रास नाही. पोरं झोपत नाहीत. नखांनी कातडी फुटते, त्यात जंतू शिरतात, पू होतो. काही जंतूंमुळं पुढं मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी चेहरा, डोळ्यांखाली सुजतं, लघवी तांबूस होते. असं दिसलं, ताप असला, लाली झपाट्यानं पसरली किंवा तान्हं बाळ दूध पिईना, तर मलम लावत बसायचं नाही, तडक सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. दुर्लक्षित हा शब्द कोप्यांवर गेल्यावर कळतो.

सगळीच खाज खरूज नसते, हेही इथं सांगायला हवं, कारण हे वाचणाऱ्यांच्या घरातही पोरं आहेत. मानेवर, पाठीवर उन्हाळ्यात येतं ते घामोळं. सैल सुती कपडे आणि गार पाण्याची अंघोळ यांनी ते बसतं. गोल चकती, कडेला खवले आणि मधे साफ, ते गजकर्ण. तेच डोक्यात झालं आणि केस तुटून टक्कल पडायला लागलं तर वरच्या मलमानं भागत नाही, पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. बाळाच्या गालांवर, मोठ्या पोरांच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत कोरडं, लालसर, सतत खाजणारं असतं ते इसब. ते कुणाला लागत नाही, त्या पोराला वर्गात वेगळं बसवू नका. नाकातोंडाजवळ मधाच्या रंगाची खपली धरणारे फोड मात्र पटकन पसरतात, ते डॉक्टरांना दाखवा. गालावर फिकट पांढरे डाग दिसले की आपल्याकडं "जंत झालेत" म्हणतात. बहुतेकदा ती कोरडी कातडी असते आणि साध्या तेलानं, मलमानं हळूहळू भरून येते. पण जिथं टोचलेलं कळत नाही असा फिकट चट्टा दिसला तर थेट सरकारी दवाखान्यात जा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर तो पूर्ण बरा होतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. एका औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली ट्यूब एका आईनं आम्हाला दाखवली. आत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध एकत्र. चार दिवस खाज थांबली म्हणून ती महिनाभर लावत राहिली. पोराच्या मांडीवरची कातडी कागदासारखी पातळ झाली आणि खाली गजकर्ण पसरतच गेलं. अशी ट्यूब पोरांना मनानं लावू नका, शेजारणीलाही देऊ नका. आपल्या आज्या गंधक खोबरेल तेलात खलून लावायच्या, त्यात तथ्य होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना गंधकाचं मलम आजही दिलं जातं. पण ते किती कडक असावं हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

यंदा असं ठरवलंय. एका वेळी एकच टोळी घ्यायची, पण अख्खी. मुकादमाशी बोलून दोन रविवार ठरवायचे, मधे आठ दिवस. आधी डॉक्टर प्रत्येकाला बघतील. गरोदर बाया आणि तान्ही बाळं यांचं औषध तेच सांगतील, आमचे कार्यकर्ते मनानं काही देणार नाहीत. टोळीचा रोज बुडू नये म्हणून मलम रात्री लावायचं. आठ ते चौदा तास ते अंगावर राहायला हवं. जेवणं उरकून आठला लावलं, तर पहाटे चारला अंग धुऊन माणसं फडात जाऊ शकतात. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, कुठली घडी सुटता कामा नये. लहान बाळांना डोक्याला आणि चेहऱ्यालाही, डोळे आणि तोंड सोडून. गेल्या वेळी बायांनी मलम लावलं आणि मग भाकरीचं पीठ मळून हात धुतले, तिथंच औषध वाहून गेलं. आता चूल विझल्यावरच लावायचं, आणि रात्री कुणी हात धुतलेच तर हातांना परत लावायचं.

पाच माणसांच्या कोपीला एका रात्री ३० ग्रॅमच्या साधारण ४ ट्यूबा लागतात, दोन हप्त्यांच्या ८. सगळ्यात मोठा खर्च हाच. तुम्ही एका कोपीचं औषध उचललंत तरी आमचं मोठं ओझं कमी होतं. पैसे द्या किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आम्ही ज्या दुकानातून घेतो तिथं भरा, पावती तालमीच्या नावानं मिळेल.

अंथरूण-पांघरुणाचा प्रश्न औषधाइतकाच अवघड आहे. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात घालता येतात, पण वाकळ थंडीत एका दिवसात वाळत नाही. ती मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की माणसाच्या अंगाशिवाय किडा दोन-तीन दिवसांत मरतो. आम्ही चार दिवस ठेवणार आहोत. ते चार दिवस पोरांनी उघड्यावर, पाचटावर कशाखाली झोपायचं? म्हणून चादरी आणि ब्लँकेटं हवी आहेत, धुतलेली, जुनी चालतील. पोरांचे सुती कपडेही हवेत, एक ते बारा वर्षांपर्यंतचे. साधा अंगाचा साबण, नखं कापायची कटरं.

त्वचारोगाच्या आणि बालरोगाच्या डॉक्टरांना विनंती, एका रविवारची एक संध्याकाळ द्या. नर्सिंगच्या मुली आल्या तर बायांना फार बरं पडेल, त्या पुरुषांसमोर अंग दाखवत नाहीत. टेम्पो असणाऱ्यांनी एक फेरी द्यावी. शिक्षकांना एक सांगणं: पहिला हप्ता लावून झाला की दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेत बसू शकतं. औषध लागू पडल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, त्यावरून त्याला परत पाठवू नका.

सामान आणि देणगी तालमीच्या कार्यालयात रोज संध्याकाळी सात ते नऊ घेतली जाईल. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. कुठल्या टोळीत किती ट्यूबा वापरल्या याचा हिशेब दुसऱ्या रविवारनंतर तालमीच्या फळ्यावर लावू. पोरांचे फोटो कुणी काढणार नाही, तुम्हीही मागू नका.

पहाटेच्या अंघोळीसाठी पाणी तापवायला मोठे हंडे आणि पातेली लागतील. लग्नकार्याची घरात पडून असतील तर दोन आठवड्यांसाठी द्या. तळाला रंगानं नाव घालून आणा, म्हणजे ज्याचं त्याला परत जाईल.

आपले,
तालमीचे कार्यकर्ते आणि महिला मंडळ, कोल्हापूर